आयोवाच्या विमलकाकू

एका शनिवारी सकाळी मोरी-सान आमच्या दाराशी आले. मोरी-सान म्हणजे जपानमधल्या कावासाकीतल्या आमच्या इमारतीचे व्यवस्थापक. कुणी बाटली झाकणासकट कचऱ्यात टाकली तरी चूक स्वतःचीच असल्यासारखे कमरेत वाकून माफी मागणारे. त्या दिवशीही ते वाकले आणि म्हणाले, "फार त्रास देतोय. त्या टोकाच्या घराचं दार कालपासून उघडं आहे. आत एक वयस्क बाई आहेत, भारतीय. मी दार लावायला गेलो की त्या मला आत बोलावतात."

आमच्या इमारतीत उघडं दार म्हणजे अपघातच. इथली दारं आपली आपण मिटतात आणि कुलूपही आपलं आपण लागतं. लिफ्टमध्ये भेटलेला माणूस शेजारच्याच घरात शिरेल, पण तोंडातून शब्द काढणार नाही. मी मोरी-सानांबरोबर गेले. दाराच्या फटीत एक चप्पल दाबून बसवली होती. आत पांढऱ्या बॉबकटातली एक बुटकी बाई एका हाताने काठी टेकत आणि दुसऱ्या हाताने जेवणाचं टेबल दाराकडे ढकलत होती. अंगात फिकट झालेला, कुठल्याशा अमेरिकन शाळेचं नाव छापलेला स्वेटशर्ट, हातात एकच सोन्याची बांगडी.

मी सवयीने "नमस्कार" म्हणाले. टेबल थांबलं.

"अगोबाई, मराठी! ये की आत. त्यालाही घेऊन ये, कालपासून बाहेरच उभा आहे बिचारा."

"काकू, दार लावून घ्यावं लागेल. आगीच्या नियमात बसत नाही म्हणतात."

"बंद दार दिसलं की लोकांना वाटतं घरात आजारपण आहे. आमच्याकडे दार लावलं ना, तर संध्याकाळपर्यंत तीन जणी शिजवलेलं कॅसरोल घेऊन हजर होतात."

"आमच्याकडे म्हणजे?"

"हेल्स्टाड. आयोवा." आमच्याकडे सांगलीला, असं एखादीने म्हणावं तितक्या सहज त्या म्हणाल्या. मग काठीला हात टेकवत खुर्चीत बसल्या आणि बसताना म्हणाल्या, "उफ् दा!"

हे 'उफ् दा' पुढे मी कितीतरी वेळा ऐकलं. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांनी ते हेल्स्टाडात आणलं होतं आणि विमल देवस्थळींनी ते सत्तरच्या दशकातल्या मराठीत मिसळून टाकलं होतं. त्यांची मराठी सांगलीहून निघाली तेव्हा होती तशीच राहिली होती. गाडीला त्या मोटार म्हणत. बोलताना वाक्याच्या शेवटी 'बरं का' असायचं आणि होकार द्यायचा तर "यू बेट!"

मोरी-सानांना त्या दिवशी ॲपल पाय खावा लागला. त्यात वेलदोडा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटली परत आणली, तिच्यावर तांदळाच्या मिठाईचे दोन पुडे. "बघ," काकू मला म्हणाल्या, "रिकामी ताटली आणली नाही. म्हणजे हा माणूस गावातलाच आहे कुठल्यातरी." दार मात्र त्या दिवसापासून बंद झालं. टेबल तिथेच राहिलं, बंद दाराकडे तोंड करून.

त्यांचा मुलगा नीलेश अमेरिकन कंपनीतर्फे टोकियोला आलेला. सून मीनल पुण्याची, ती तोयोसूला एका आयटी ऑफिसात. नात ईशा अकरा वर्षांची. आजीने मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि घाईत असली की जपानीत. आदल्या हिवाळ्यात काकू हेल्स्टाडात लायब्ररीच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरल्या, खुबा मोडला. त्यांचे यजमान, डॉक्टरकाका, जाऊन काही वर्षं झाली होती. नीलेश गेला, ऑपरेशन झालं, तो आईला घेऊन आला. "बरी होईपर्यंत" असं तिला सांगितलं होतं. "कायमची" असं त्याने ठरवलं होतं. हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

त्या एका जागी बसत नसत. खुब्याच्या व्यायामाला डॉक्टरने थोडं चाला म्हणून सांगितलं होतं, तेवढं निमित्त पुरलं. सकाळी नदीकडे, दुपारी एकीकडे. एकी म्हणजे स्टेशन, हा शब्द त्यांनी पहिल्या आठवड्यात उचलला होता, कारण "स्टेशन हे गावाचं नाक असतं." स्टेशनात जाऊन त्या गाडीत बसत नसत, नुसत्या उभ्या राहत. लोंढा आला की काठी घट्ट धरून भिंतीला लागायच्या आणि म्हणायच्या, "इतकी माणसं, आणि एकाचं नाव माहीत नाही मला." कुणी डिलिव्हरीची गाडी घेऊन समोरून आला की त्या तर्जनी उंचावत. हेल्स्टाडच्या शेतरस्त्यांवर समोरून मोटार आली की दोन्ही गाड्यांतले लोक स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतात, ओळख असो नसो. न करणारा परगावचा. कावासाकीतले ड्रायव्हर आधी दचकायचे. मग एक जण मान लववायला लागला, मग आणखी एक. काकू घरी येऊन सांगायच्या, "आज दोघांनी केलं!"

संध्याकाळी पाचला आमच्या भागात लाउडस्पीकरवर एक धून वाजते, मुलांनी आता घरी जावं म्हणून. आम्हाला ती ऐकूच येत नाही इतकी सवय झालेली. काकू ती वाजली की जिथे असतील तिथे थांबायच्या. हेल्स्टाडात दुपारी बाराला अग्निशमन केंद्राच्या छपरावरचा भोंगा व्हायचा, शेतातले लोक त्यावर जेवायला घरी यायचे. "हे ज्याने सुरू केलं ना," त्या म्हणाल्या, "त्याला माहीत होतं गाव म्हणजे काय. सगळ्यांनी एकदम एक गोष्ट ऐकायची."

मला एकदा त्यांनी विचारलं, "तुझं गाव कोणतं?" माझे वडील बदलीच्या नोकरीत. मी नाशिक, नागपूर, ठाणे अशी नावं घेत बसले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कुणाच्या दारात मोटार बंद पडली तर ढकलायला कोण येईल, हे तुला कुठल्याच गावाचं सांगता यायचं नाही." हे बोलणं माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत राहिलं. ऑफिसला जाताना, खांद्याला खांदा लागलेल्या गाडीत, मी खरोखर मनात माणसं मोजत असे. कोण येईल?

त्यांच्या बाबतीत ट्रॅक्टर आला होता. काका नुकते शिकून बाहेर पडलेले, शहरातल्या इस्पितळात परदेशी डॉक्टरला जागा नव्हती आणि हेल्स्टाडला कित्येक वर्षं डॉक्टरच मिळत नव्हता. दोघं जानेवारीत निघाले. गाव दिसायच्या आत मोटार घसरून खड्ड्यात. चहूकडे पांढरं, एक झाड नाही. काकूंनी साडीवर पुरुषाचा कोट घातलेला. "मी ह्यांना म्हटलं, इथे मरायला आणलंत का मला? तेवढ्यात लांबून ट्रॅक्टर आला. वर एक लाल तोंडाचा म्हातारा. बोलला नाही, हसला नाही. साखळी लावली, मोटार ओढली, थेट दवाखान्याच्या दारात नेऊन सोडली आणि गेला. त्याने आधीच ओळखलं होतं आम्ही कोण ते. सगळ्या गावाला माहीत होतं. मी साडीत आहे हेसुद्धा आमच्या आधी पोचलं होतं."

हा म्हातारा पुढे कित्येक महिने काकांना हात लावू देत नव्हता. छातीत दुखायचं तर दूरच्या गावी जायचा. मग एके वर्षी पेरणीच्या दिवसांत त्याच्या सुनेला वेळेआधी कळा सुरू झाल्या, पुराने पूल बंद, आणि काका चिखलातून चालत त्याच्या घरी पोचले. मूल वाचलं. म्हातारा दुसऱ्या दिवशी आला आणि त्याने शर्टाची बटणं काढली. "एवढंच," काकू म्हणायच्या. "थँक यू वगैरे नाही. तिथे बोलत नाहीत. मी पहिल्यांदा चर्चच्या जेवणाला साबुदाण्याची खिचडी नेली, कुणी चांगली झाली म्हणेना. मला रडू आलं. पुढच्या वर्षी त्याच बायका विचारायला आल्या, मिसेस डी, तुमचं ते मोत्यांचं आणणार ना?"

देवस्थळी हे नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून काका 'डॉक डी' आणि काकू 'मिसेस डी'. मिसेस डींनी लायब्ररीत मुलांना वाचायला शिकवलं, निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर बसल्या, ज्या बाईचा नवरा दारू प्यायचा तिला मोटार चालवायला शिकवलं. आणि ऑपेरा हाऊसच्या मागे लागल्या.

हे ऑपेरा हाऊस म्हणजे हेल्स्टाडच्या चौकातली दुमजली विटांची इमारत. खाली हार्डवेअरचं दुकान, वर सभागृह. रेल्वे आली, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या हाती पैसा आला, तेव्हा त्या भागातल्या प्रत्येक लहानशा गावाला वाटलं आपल्याकडे ऑपेरा हाऊस हवं. "ऑपेरा एकही झाला नाही, बरं का. एकदा फिरत्या कंपनीचं नाटक आलं होतं, तेही पावसात अडकलं म्हणून. पण शाळेचं पदवीदान तिथे, लग्नाचं जेवण तिथे, लढाईवर जाणाऱ्या पोरांचा निरोप तिथे." छत नक्षीदार पत्र्याचं. रंगमंचाला हाताने रंगवलेला पडदा, मध्यभागी इटलीतलं एक निळं तळं आणि तळ्याभोवती चौकटी-चौकटींत गावच्या दुकानांच्या जाहिराती: घोड्याचं सामान, शवपेट्या, दात काढून मिळतील. हे सांगताना काकू हसून बेजार व्हायच्या. "एका चित्रात सगळं गाव! तळं सोडून. तळं कुठे होतं तिथे, नुसता मका."

आता दुकान बंद पडलं होतं. चौकातली निम्मी दुकानं बंद होती, हमरस्त्यावर मोठं दुकान झाल्यापासून. शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली होती. छत गळत होतं. गावच्या कौन्सिलपुढे प्रस्ताव होता, इमारत पाडून पार्किंगची जागा करायची. इमारतीच्या बाजूने आणि विरुद्ध असे निम्मे-निम्मे सभासद, आणि वाचवायच्या बाजूचा पुढारी होता डॅरेल. ट्रकदुरुस्तीचं गॅरेज चालवणारा, नीलेशच्या वयाचा.

कौन्सिलची सभा तिकडे सोमवारी संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडे मंगळवारी सकाळी. नीलेशने घरात तो विषय बंद केला होता. "आई, तू आता तिथे राहत नाहीस." मंगळवारी मी घरून काम करते. त्यामुळे काकू माझ्याकडे यायला लागल्या. मी हेडफोन लावून ओसाकाच्या गिऱ्हाइकाशी बोलत असायची आणि पलीकडे स्वयंपाकघरात काकू टॅब्लेटसमोर उभ्या. बसत नसत. सभेत कुणी काही वेडंवाकडं बोललं की त्या सिंककडे जायच्या, नळ सोडायच्या, बंद करायच्या, परत यायच्या. मध्येच, इमारत पाडायला निघालेला हॅरॉल्ड बोलायला लागला की, त्यांचा आवाज चढायचा, "दॅट इज नॉट सो, आणि तुला माहीत आहे ते, हॅरॉल्ड!" माझे गिऱ्हाईक विचारायचे, काही अडचण आहे का? मी म्हणायची, नाही, सुमिमासेन, माफ करा, आयोवात सभा चालू आहे.

डॅरेल त्यांना सभेआधी फोन करायचा. त्याचा जाडा, संथ आवाज मला आतल्या खोलीतून ओळखू यायला लागला. तो त्यांना 'मॅम' म्हणायचा. "लायब्ररीत माझ्या टेबलाशी बसून वाचायला शिकला," काकू सांगायच्या. "इंग्रजी 'बी' आणि 'डी' ही अक्षरं उलटी काढायचा. आता उभा राहून भाषण करतो बघ."

डिसेंबरात एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी आणि माझा नवरा मंदार गेलो. जेवण झालं, ईशा आत गेली, आणि काकू म्हणाल्या, "नीलू, मी फेब्रुवारीत जाते. शेवटची सभा आहे. समोर उभं राहून बोलायला हवं. डॅरेल विमानतळावर न्यायला येणार आहे."

नीलेशने हातातला ग्लास खाली ठेवला. तो एरवी शांत, सावकाश मराठी बोलणारा माणूस, शब्द शोधत बोलणारा.

"डॅरेल येणार आहे."

"हो. त्याच्याकडे मोठी गाडी आहे."

"आई, तुला आठवतं, मी नववीत कुस्तीच्या टीममधून नाव काढून घेतलं? तू विचारलंस, मी सांगितलं गुडघा दुखतो. तुला आठवतं?"

"बाबांनी गुडघा तपासला होता."

"गुडघ्याला काही झालं नव्हतं. मॅचहून परत येताना बसमध्ये ते माझ्या तोंडावर काळं शू-पॉलिश लावायचे. दोघं हात धरायचे आणि एक लावायचा. कोच पुढे बसलेला असायचा. बस चौकात थांबायची. मी लायब्ररीच्या मागच्या नळावर तोंड धुऊन घरी यायचो. थंडीत." त्याने ग्लास लांब सारला. "लावणारा डॅरेल."

मंदारने माझ्याकडे पाहिलं. उठावं की बसावं ते आम्हाला कळेना. मीनल टेबलावरच्या एका डागावर बोट फिरवत होती; तिला हे माहीत होतं.

"तू मला सांगितलं नाहीस," काकू म्हणाल्या.

"तू इतकी खूश होतीस तिथे, आई. कसं सांगणार? तुझं गाव वेगळं होतं. माझं वेगळं. मी तिथून निघालो ते निघालो. आणि आता तू म्हणतेस मी तुला त्याच्या गाडीत बसवून देऊ."

इतक्या महिन्यांत काकूंना मी इतका वेळ खुर्चीत बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. बसल्याच होत्या त्या, पण हात मांडीवर सारखे एकमेकांत अडकत होते, सुटत होते. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंतही आल्या नाहीत.

त्यानंतर आठवडाभर त्या दिसल्या नाहीत. मी जाऊन बेल वाजवली तर मीनल म्हणाली, फिरायला गेल्यात. रोज फिरायला. सकाळी जातात, पाचची धून वाजली की येतात. एकदा मोरी-सान त्यांना नदीच्या पुलावरून घेऊन आले; त्या टोकियोच्या बाजूला उतरून रस्ता चुकल्या होत्या. मोरी-सान मला म्हणाले, "बोलल्या नाहीत वाटेत. आज प्रथमच." त्यांना त्याची जास्त काळजी वाटत होती.

मग मंगळवारी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. टॅब्लेट हातात.

"सभा आज नाहीये ना, काकू?"

"नाही. फोन करायचाय. तू तुझं काम कर."

मी काम करू शकले नाही. त्या स्वयंपाकघरात, मी आतल्या खोलीत, मध्ये सरकतं दार, तेही अर्धं उघडं. डॅरेलने उचलला. इकडचं तिकडचं नाही, हवापाणी नाही. काकूंनी इंग्रजीत सरळ विचारलं, "डॅरेल, शाळेच्या बसमध्ये तू माझ्या मुलाच्या तोंडाला काळं फासायचास का?"

मला वाटलं फोन कट झाला. मग तो जाडा आवाज आला, "येस, मॅम."

"कितीदा?"

"हिवाळाभर, मॅम."

"का?"

"मला माहीत नाही, मॅम. तो हसायचा नाही. बाकीचे हसायचे." आणि मग, "मला वाटायचं तुम्हाला माहीत असणार. तरी तुम्ही मला टेबलावरून उठवलं नाहीत, म्हणून मला आणखीच वाईट वाटायचं."

काकूंनी डोळे मिटून घेतले. नळ सोडला, बंद केला. "मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माहीत असतं तर तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसले असते आणि तू सगळ्यांसमोर बोलेपर्यंत उठले नसते. आता तुझी आई नाही. आता तू माझ्या मुलाला फोन करायचास. मला सॉरी म्हणायचं नाही, मी ती नाही. त्याने उचलला नाही तर परत करायचास. समजलं?"

"येस, मॅम."

"आणि पुढच्या सोमवारच्या सभेत छताच्या खर्चाचा आकडा हॅरॉल्डच्या आधी तू सांगायचास. तो फुगवून सांगतो."

मी दारातून डोकावले. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. काकू मला म्हणाल्या, "काय? त्याच्यावर रागावले म्हणून इमारत पडू देऊ?" आणि एकदम भिंतीला टेकल्या. मी त्यांना धरलं. हलक्या होत्या अगदी, कागदासारख्या.

नीलेशने पहिले दोन फोन घेतले नाहीत. तिसरा त्याने घेतला, कावासाकी स्टेशनच्या फलाटावर. हे त्यानेच मला सांगितलं, एकदा आम्ही सकाळी एकाच गाडीची वाट बघत उभे होतो तेव्हा. "गाड्या येत होत्या, जात होत्या. तो रडत होता. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, मी तुला माफ वगैरे करत नाहीये, मी फक्त फोन उचललाय. तो म्हणाला, फेअर इनफ. मग ठेवता ठेवता विचारतो, नील, आपण बँडच्या प्रॅक्टिसला ऑपेरा हाऊसमध्ये वर बसायचो तेव्हा पाणी कुठल्या कोपऱ्यात गळायचं, आठवतं? कॉन्ट्रॅक्टरला गळती सापडत नाहीये." नीलेश रुळांकडे बघत होता. "आणि रश्मी, मला आठवत होतं. बरोबर जागा आठवत होती. बादली कुठल्या रंगाची होती तेसुद्धा."

गाडी आली. आम्ही चढलो. उतरेपर्यंत तो बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर करत राहिला.

फेब्रुवारीतली सभा काकूंना गाठता आली नाही. डॉक्टरने खुब्याच्या एक्स-रेसाठी थांबवलं. त्या माझ्या स्वयंपाकघरातून बोलल्या. तीन मिनिटं देतात, घंटा वाजते, त्या घंटा वाजल्यावरही बोलत राहिल्या. "तुम्ही म्हणता गाव मरत चाललंय. मग मेलेल्या गावाला पार्किंगची जागा कशाला हवी?" पलीकडे कुणीतरी हसलं. मग मतदान झालं आणि कौन्सिलने दोन्ही बाजूंना नकोसा निर्णय घेतला: सभागृहासकट मागचा सगळा भाग धोकादायक, तो पाडायचा, चौकाकडची विटांची भिंत तेवढी ठेवायची.

"भिंत!" काकूंनी टॅब्लेट पालथा घातला. "माणूस जाळला आणि चष्मा ठेवला." स्वयंपाकघरात दोन येरझाऱ्या घातल्या. मी चहा ठेवला. मला वाटलं आता ह्या खचणार, आता ह्या इथल्याच होणार, एखाद्या सकाळी नुसत्या खिडकीशी बसलेल्या दिसतील. चहा होईपर्यंत त्या म्हणाल्या, "पाडायला एप्रिल उजाडेल, जमीन नरम झाल्याशिवाय यंत्र आणत नाहीत. तेवढ्यात पडदा काढायला हवा. गुंडाळायचा नसतो तो, रंग फुटतो. उभा न्यायला हवा. मापाचं दार फक्त अग्निशमनच्या गाडीखान्याला आहे. आणि त्यांच्याशी हॅरॉल्डचं भांडण आहे, म्हणजे मलाच बोलावं लागणार."

"काकू, तिथे घरात एकट्या कशा राहणार तुम्ही?"

"एकटी कुठे?" त्या खरोखर गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाल्या.

नीलेशने हो म्हटलं असं मला कधी कळलं नाही. तिकीट मात्र त्यानेच काढलं. दोघांत काय बोलणं झालं ते त्यांच्या बंद दाराआड झालं. मीनलने एवढंच सांगितलं की मायलेक एक सगळी दुपार नदीकाठी चालत होते आणि आल्यावर दोघांचीही नाकं लाल होती.

निघायच्या दिवशी मी सुट्टी घेतली. हानेदा विमानतळावर नीलेश, मी आणि काकू. विमान कंपनीने चाकाची खुर्ची दिली होती आणि खुर्चीबरोबर गणवेशातली एक तरुण मुलगी, हातांत पांढरे हातमोजे. काकूंनी नीलेशचा चेहरा दोन्ही हातांत धरला, काहीतरी कानात सांगितलं, मला म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर." मुलगी वाकून म्हणाली, "प्लीज, बसा." काकूंनी खुर्चीकडे पाहिलं. मग आपली अवजड पिशवी त्या खुर्चीत ठेवली, काठी पिशवीवर आडवी ठेवली, दोन्ही मुठींनी खुर्ची धरली आणि ढकलत निघाल्या. ती मुलगी मागून छोट्या छोट्या पावलांनी धावतेय, हात पुढे करून, प्रवाशाला अदबीने हाक मारत, "ओक्याकुसामा, ओक्याकुसामा," आणि काकू मान वळवून तिला काहीतरी विचारतायत, चालायचं न थांबवता. रांगेतली माणसं बाजूला होत होती. काचेच्या दारातून आत जाताना खुर्चीचं एक चाक उंबऱ्याला अडलं, काकूंनी आणि त्या मुलीने मिळून उचललं, आणि दोघी दिसेनाशा झाल्या.

आम्ही उभे होतो. काचेत आता नुसती अनोळखी माणसं.

"मार्चच्या शेवटी ईशाच्या शाळेला सुट्टी असते," नीलेश म्हणाला. तो अजून काचेकडेच बघत होता. "तेव्हा तिकडे बर्फ वितळून नुसता चिखल असतो. घोट्यापर्यंत." मग त्याने खिशातून फोन काढला. "ईशाला बूट घ्यावे लागतील."